मागच्या रांगेतला प्रश्न

विद्यापीठात तिला सगळे तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठ वळली की 'कचराताई'. तिला ते ठाऊक होतं. वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण कामच तसं होतं. पर्यावरण कक्षात रुजू झाल्यापासून ती प्राध्यापकांना, कारकुनांना, विद्यार्थ्यांना तेच ते शिकवत होती: कुठला कचरा कुठल्या डब्यात, दिवे कोणी बंद करायचे, गळका नळ दिसला तर कळवायचं कुणाला. लोक माना डोलवायचे आणि बाहेर पडता पडता कागदी कप नेमका भलत्याच डब्यात टाकायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

वनस्पतिशास्त्र विभागातलं प्रशिक्षण मात्र रंगलं. पुढे विद्यार्थी, मध्ये कार्यालयातली मंडळी आणि शेवटच्या रांगेत सफाईवाल्या दोघी आणि माळीमामा. मामांची इथे तीस वर्षं झालेली. नखातली माती आता धुऊनही जात नाही. ताई तावातावानं सांगत होती, "साली, पानं, कागद, बिया, सगळं खताच्या खड्ड्यात! सहा महिन्यांत सोनं होतं त्याचं."

मागून एक हात वर झाला. "ताई, ते बियांचं जरा..."

"मामा, प्रश्न शेवटी घेऊ हं."

शेवटी काय झालं? विभागप्रमुखांचं भाषण झालं, प्रमाणपत्रं झाली, फोटो झाला, चहा आला. मामांनी पुन्हा हात अर्धा वर केला, कोणी बघेना, तेव्हा त्याच हातानं डोकं खाजवलं आणि ते वाफ्यांकडे निघून गेले.

विद्यार्थी मात्र कामाला लागले. विभागात बियाण्यांची दोन शीतकपाटं होती, दोन्ही अर्धी रिकामी. ताईचा नियम होता, ज्यावर नाव नाही ते काढून टाकायचं. पोरांनी एका दिवसात सगळा माल एका कपाटात बसवला आणि दुसरं बंद केलं. त्या बंद कपाटाचा फोटो ताईनं आईलासुद्धा पाठवला. अंगावर मूठभर मांस चढलं होतं तिच्या. आईनं उलट विचारलं, "छान आहे गं, पण आतलं सामान कुणाचं होतं?" ताईला तेव्हा त्याचं हसू आलं.

दोन आठवड्यांनी फोन आला. विभागात एक संशोधक मुलगी होती, सगळे तिला 'बीवाली' म्हणत. ती बाळंतपणाच्या रजेवर होती.

"ताई, एक कपाट बंद केलंत म्हणे. माझा निळा क्रेट दुसऱ्यात हलवलाय ना? एक्केचाळीस पाकिटं आहेत, रानगवतांचं बी." मागे बाळ टाहो फोडत होतं. "तीन वर्षं डोंगर पालथे घातलेत हो त्यासाठी. काही जागा तर आता उरल्यासुद्धा नाहीत."

"पाकिटांवर नाव आहे ना तुझं?" ताईनं विचारलं.

"छे! बाहेर लिहिलेलं ओल धरून पुसतं. मी आत चिठ्ठी ठेवते, पेन्सिलीनं लिहून."

ताईला आपलाच नियम आठवला. "बघून सांगते," एवढंच कसंबसं बोलली.

निळा क्रेट सापडला. स्वच्छ धुऊन पालथा घातलेला. कपाटाच्या दारावर पोरांनी सुवाच्य अक्षरात यादी लावली होती आणि तिच्यात एक ओळ होती: 'बिननावाची कागदी पाकिटं, ४१, खत.' त्यांचं तरी काय चुकलं? शिकवलं तसंच तर वागली होती बिचारी.

ताई पळत सुटली. काचघरामागच्या खड्ड्याशी गुडघे टेकून तिनं दोन्ही हात आत घातले. साली, चहाचा चोथा, कुजकी पानं. पाकिटाचा तुकडासुद्धा नाही. कुणाची तीन वर्षं आपण चोथ्यात कालवली, या विचारानं तिला रडूच फुटलं.

"काय हरवलं, ताई?" मामा पाण्याचा पाइप टाकून जवळ आले.

तिनं हुंदके देत सांगितलं.

"अहो, ते होय! मग रडता कशाला? या इकडे."

अवजारांच्या खोलीतून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पाकिटं एकावर एक रचलेली आणि मध्ये मध्ये खडूचे तुकडे, ओल धरू नये म्हणून.

"खतात बी टाकत नसतात, ताई. आपला खड्डा काही तेवढा तापत नाही. बी आत जिवंतच राहतं, खताबरोबर सगळ्या वाफ्यांत जातं आणि मग मी वर्षभर कंबर मोडून तण उपटत बसतो. म्हणून पाकीट दिसलं की मी हलवून बघतो. खुळखुळलं की बाजूला. ह्यात तर चिठ्ठ्या निघाल्या. म्हटलं, एवढं निगुतीनं कोणी लिहिलंय, विचारायला येईलच." मग जरा थांबून म्हणाले, "तेच सांगायचं होतं त्या दिवशी."

टोमणा नव्हता तो. असता तर ताईला सोपं गेलं असतं.

तिनं मोजली. चाळीस.

"एकावर पाइपचं पाणी पडलं," मामा ओशाळले. "ओलं बी डब्यात सडलं असतं. म्हणून पेरून टाकलं."

खिडकीतल्या ट्रेमध्ये केसासारखी बारीक हिरवी पाती उभी होती. कडेला चिरलेल्या काडीत ती चिठ्ठी खोचलेली. ताईनं तिथूनच फोन लावला, झालं गेलं सगळं सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही आणि चिठ्ठीवरचं ठिकाण वाचून दाखवलं.

पलीकडून तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग बीवाली म्हणाली, "ताई, तिथून आता मोठा रस्ता गेलाय. ते गवत फक्त मामांच्या खिडकीत उरलंय. त्यांना म्हणावं, बाळाला घेऊन येते बघायला."

"मामा, माझी लाज राखलीत तुम्ही," ताई म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडू? आणि मी तुम्हाला बोलूसुद्धा दिलं नाही."

"असू द्या हो. दहा वर्षं खड्डा मागत होतो, कोणी हिंग लावून विचारलं नाही. तुम्ही आलात आणि महिन्यात मिळाला. मी काय कमी उपकारात आहे?"

पुढच्या प्रशिक्षणाला ताईनं सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, मामांच्या हातात खडू दिला आणि स्वतः शेवटच्या रांगेत वही उघडून बसली. मामा आधी अवघडले, मग जे सुटले ते सुटलेच. बियांचं झालं, ओल्या-सुक्याचं झालं, चहाच्या पिशव्यांवर आले. काही पिशव्यांत म्हणे प्लास्टिकचा धागा असतो, वर्ष झालं तरी कुजत नाही. हे ताईला नवीनच होतं. तिनं झटकन हात वर केला.

"मामा, अशा पिशव्या ओळखायच्या कशा?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले.

"ताई, प्रश्न शेवटी घेऊ हं."

सगळं सभागृह हसलं, आणि सर्वांत जास्त ताई. चहा येऊन निवला, तरी कोणी उठलं नाही. मामांनी तिचा प्रश्न शेवटी खरंच घेतला.