तांबड्या रस्त्याखालचं झाकण

पाणीखात्यातली माणसं त्यांना ‘नकाशा’ म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम केलं. शहराच्या पोटातले सगळे नळ त्यांना तोंडपाठ. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी काही अडलं की खात्यातून बोलावणं यायचं, आणि चपला पायात सरकवून निघताना त्यांची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

त्या सकाळी टेकडीखालच्या वस्तीत मोठा नळ फुटला. घरांतून घोट्याघोट्याएवढं पाणी शिरलं. तेवढ्या वस्तीचं पाणी तोडायचं तर टेकडीच्या रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. नाही तर मुख्य नळच बंद करावा लागला असता आणि इस्पितळासकट अख्खं शहर कोरडं पडलं असतं. पण गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना त्या व्हॉल्व्हचं बिडाचं झाकण वीतभर मुरुमाखाली गाडलं गेलं होतं.

“इथं खणा,” नकाशांनी काठी टेकवली.

खणलं. दगड लागला.

“मग इथं.”

तिथंही दगडच. त्यांच्या खुणेचा विजेचा खांब हलवलेला, कोपऱ्यावरचं दुकान पाडलेलं. मजुरांच्या मुकादमानं कुदळी खाली ठेवायला लावल्या, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

तेवढ्यात त्यांची सून आली. तीही त्याच खात्यात, गळती शोधायच्या कामावर, चार महिन्यांपूर्वीच लागलेली. हातात धातू शोधायचं यंत्र होतं: लांब दांडा, टोकाला ताटलीएवढी चकती, कानांवर हेडफोन. गेले कित्येक रविवार ती अंगणात डब्यांची झाकणं पुरून हुडकत बसली होती. “भाजी झाकायला एखादं तरी घरात ठेव गं,” असं सासूबाई म्हणत, आणि नकाशा मिशीतल्या मिशीत हसत.

तिनं यंत्र सुरू केलं आणि ते हेडफोनबाहेरही ऐकू येईल एवढं केकाटायलाच लागलं. टेकडीची माती तांबडीभडक, लोखंडानं भरलेली, मुरूमही तिथलाच. जिकडे चकती न्यावी तिकडे बोंब.

“ताई, हे तर सगळ्या रस्त्यालाच व्हॉल्व्ह म्हणतंय,” मुकादम हसला.

नकाशांना आतून बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली.

सून मात्र गडबडली नाही. “बाबा, जमीनच बोलकी आहे. आधी यंत्राला हिची सवय लावते.” तिनं आवाजाची धार कमी केली, कडेच्या मोकळ्या जागेवर चकती वर-खाली, वर-खाली केली आणि बटण केसभर केसभर फिरवत राहिली. चकती वर असो की खाली, गुणगुण सारखीच येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

“नळ कुठल्या अंगानं जातो बाबा?”

“डाव्या. त्या भिंतीपासून दोन पावलांवर. भिंत तेवढी जुनीच आहे.”

ती भिंतीच्या कडेनं निघाली, मुंगीच्या पावलांनी. यंत्र वाजलं की थांबायची, आडवं फिरून तीच जागा पुन्हा बघायची, मग चकती गुडघ्याइतकी वर उचलायची. “दगड असला तर वर उचलल्यावर गप्प होतो,” ती म्हणाली. “झाकण मोठं असतं. ते इथूनही बोलतं.”

चौदा ठिकाणी वाजलं, चौदाही ठिकाणी गप्प झालं.

“पाणी वाढतंय ताई,” मुकादम म्हणाला.

“घाई केली की हे खोटं बोलतं,” ती मान वर न करता म्हणाली.

मजूर आपसात कुजबुजायला लागले, तसे नकाशा त्यांच्यावर खेकसले, “गप्प बसा रे. तिला ऐकू द्या.”

पंधराव्या ठिकाणी ती बराच वेळ उभी राहिली. चकती गुडघ्याशी होती. तिनं हेडफोन काढून सासऱ्यांच्या कानाला लावला. आत एकच भरदार, सलग सूर येत होता.

“खणा,” ती म्हणाली.

चौथ्या घावाला कुदळ टणकन वाजली. माती झटकली तर खाली बिडाचं गोल झाकण.

मुकादमानं लांब चावी आत बसवली आणि उजवीकडे जोर लावला.

“थांब,” नकाशा म्हणाले. “हा उलट्या आट्यांचा आहे. डावीकडे. बावीस फेरे.”

बावीस फेरे झाले आणि खालून निरोप आला, पाणी थांबलं.

“काका, चांगली तयार केलीत हो सुनेला,” मुकादम म्हणाला.

चौतीस वर्षांत नकाशांनी वाट्याला आलेली शाबासकी कधी परत केली नव्हती. “मी काही केलं नाही,” ते म्हणाले. “तिचं तिनं केलं. मी दोन खड्डे तेवढे चुकीचे खणायला लावले, ते बुजवून घ्या.”

उतरताना यंत्र त्यांनी तिच्या हातून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. वस्तीत बायका दारातलं पाणी लोटत होत्या. एकीनं विचारलं, “सापडला का?”

“माझ्या सुनेनं शोधला,” असं म्हणून ते थांबले आणि सगळं सांगितलं. पुढच्या दारीही सांगितलं. तिसऱ्या दारी तर यंत्र गुडघ्याएवढं उचलून दाखवलं.

“बाबा, मला पुढच्या गळतीवर जायचंय,” सून ओशाळून म्हणाली.

त्यांनी यंत्र तिच्या हातात दिलं. “तू हो पुढं. अजून ही सगळी ओळ राहिलीय, मी सांगून येतो.”