जुन्या दांडीची गिटार

"ह्यातली जुनी म्हणायची कुठली?" दमयंतीने विचारले.

प्रश्न वावगा नव्हता. ओट्यावरच्या चटईवर दोन गिटारी शेजारी शेजारी निजल्या होत्या. एक पिवळसर, कडेला तपकिरी होत गेलेली, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत निघत असे तशी. ती नुकतीच जपानात तयार झाली होती. दुसरी खरोखरच तेव्हाची, अमेरिकेतलीच. ती होडीच्या निळ्या रंगात होती आणि तिला माशाच्या तेलाचा वास येत होता.

"काकी, जुनी ती निळी," पुतण्या सदू म्हणाला. तो बोटीवरून सुट्टीवर आला होता. "पण ही नवी जुनीसारखी हाय. कंपनीने जुनी मोजूनमापून परत काढली. स्क्रूसुद्धा तसेच."

"मग जुनी का नाय जुनीसारखी?"

याला जबाबदार तिचा नवरा, महिपत शिवलकर. महिपतही तरुणपणी बोटीवर खलाशी होता. तिकडच्या एका बंदरात त्याने ही गिटार एका दारुड्या सोबत्याकडून चामड्याच्या जाकिटाच्या बदल्यात घेतली. पोकळ पेटी नाही, नुसती भरीव फळी, तिला दांडी, वर सहा तारा, आणि आवाज विजेवर. भरीव लाकूड आणि खारा वारा म्हणजे होडीच, हे महिपतच्या डोक्यात पक्के बसले. तेव्हापासून दर पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की घरच्या होडीबरोबर गिटारीलाही माशाचे तेल चोळायचे, आणि नारळी पौर्णिमेआधी निळ्या रंगाचा एक हात द्यायचा. दोघींची निगा सारखी. त्यांच्या मिरकरवाडा बंदरावरच्या ऑर्केस्ट्रात महिपत वाजवायला बसला की पहिल्या रांगेत मांजरे येऊन बसत. महिपत याला आपल्या कलेची पावती समजे.

यंदा गिटार मुकी झाली. आता बंदरात लाँचची इंजिने दुरुस्त करणाऱ्या महिपतने ती स्वतःच उघडली. तारांखालची बारीक वायर गंजून तुटली होती, ते एक वेळ जमले असते. पण आतले लाकूड तेल पिऊन पिठासारखे झाले होते. कुठलाही स्क्रू धरीना. बोट जपानी बंदरात असताना केलेल्या फोनवर हे कळताच सदूने येताना तिथूनच नवी आणली होती.

महिपतने नवी मांडीवर घेतली, वायर जोडली, तारा छेडल्या. आवाज तोच. तंतोतंत. त्याने कान लावून खोट काढायचा बराच प्रयत्न केला. मिळाली नाही. तो जरा नाराजच झाला.

मग गाणे वाजवायला घेतले आणि डावा हात अडला.

एका जहाजावर दोर ओढणाऱ्या विंचने महिपतच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांची टोके नेली होती. उरलेली थोटके तारांपर्यंत पोचेनात, तेव्हा होड्या बांधणाऱ्या धाकू सुताराने जुन्या गिटारीची दांडी मागून रंध्याने तासून दिली होती. थोडी तासायची, महिपतने धरून बघायची, परत थोडी तासायची. त्या दांडीला महिपतने कधी रंग लागू दिला नाही. पुढची वीस वर्षे तळव्याने तिला घासली. कारखान्याने जुन्या गिटारीचा पहिला दिवस नेमका उचलला होता. पण त्या दिवशी महिपतची दहाही बोटे शाबूत होती. आणि धाकू दोन वर्षांमागे वारला होता.

"काय झालं, काका?"

"जाड हाय."

संध्याकाळी ऑर्केस्ट्राचा गायक आणि मालक रघू आला. त्याला बातमी आधीच लागली होती. मिरकरवाड्यात बातमी लाँचच्या आधी धक्क्याला लागते.

"महिपतकाका, यंदा पौर्णिमेला तुम्ही नारळाच्या मिरवणुकीत पुढे राहा. फेटा बांधू. मानाचं हाय."

"आणि गिटार?"

"बाबल्याचा बेंजो हाय की."

"फेटा बांधून मला घोड्यावर बसवतोस काय रे? एकदा बसलोय. ही बघ, आत भात रांधते."

"तसं नाय हो काका..."

"पौर्णिमेला मी वाजवणार."

"कशावर?"

महिपतने चटईवरच्या दोन्ही गिटारींकडे हात केला. "ह्याच्यावर."

रघूने दोन्हींकडे पाहिले, आत दमयंतीकडे पाहिले, आणि चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतने इंजिनाची हत्यारे ओट्यावर मांडली. दांडी फळीला मागून चार स्क्रूंनी बसवलेली असते. जुनीची काढून झाली. त्याने नवी उलटी केली तसा सदू धावत आला.

"काका, नको! उघडली की ती ओरिजिनल राहत नाय!"

"आता कुठं ओरिजिनल हाय? गेल्या महिन्यातली हाय ती."

"जशीच्या तशी मिळावी म्हणून किती दुकानं फिरलो मी." सदूचा आवाज उतरला. "तुम्ही तिचे तुकडे करताय."

महिपतने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. पोराचे तोंड खरोखरच पडले होते.

"जशीच्या तशी आणलीस, म्हणून तर जमेल," तो म्हणाला. "दुसरी कुठली आणली असतीस तर जुनी दांडी हिला बसलीच नसती. धर इकडून."

सदू पुढे आला. मग बसला आणि फळी मांडीवर धरली.

जुनी दांडी बसेना. पावसाची हवा पिऊन फुगली होती. सदूला वाटले, काका आता हातोडा घेणार. पण दमयंतीने दांडी उचलली आणि चुलीवरच्या शिंकाळ्यात सुक्या बांगड्यांशेजारी टांगली. तीन दिवस ती तिथे राहिली. रोज महिपत उठून आधी तिला हात लावून बघे, मग तोंड धुवायला जाई.

चौथ्या दिवशी दांडी खाचेत सरकली. तळव्याची एक थाप, आणि बसली. तीन स्क्रू बरोबर लागले. चौथ्याचे भोक केसभर बाजूला निघाले.

"म्हणजे जशीच्या तशी नाय," सदू हिरमुसला.

"थोडी तरी चुकली," महिपत समाधानाने म्हणाला. त्याने दांडीच्या जुन्या भोकात गोंद लावून आगपेटीची काडी ठोकली, सुकू दिली, आणि शेजारी नवे भोक पाडले.

पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन झाला आणि धक्क्यावर ऑर्केस्ट्रा उभा राहिला. चकचकीत पिवळ्या फळीला काळवंडलेली दांडी पाहून लोक हसले. महिपतची थोटके आपापल्या झिजलेल्या जागी जाऊन बसली, आणि हसणे हळूहळू थांबले. रघूने तिसऱ्या गाण्याला बाबल्याला मागे सरकायची खूण केली. पहिल्या रांगेत मांजर मात्र एकच आले. तेही बांगड्यांच्या वासाने आले असावे.

सकाळी सदूने उरलेली नवी दांडी निळ्या फळीला लावून पाहिली. "काका, अशी जोडून भिंतीवर टांगूया. पुरी दिसेल."

"नको. ती ठेव कुणा दहा बोटंवाल्याला."

महिपतने फळी मांडीवर घेतली. कापसाच्या वाती वळल्या, तेलात कालवलेल्या राळेत बुडवल्या, आणि होडीच्या फटी भरतात तशी चारही रिकामी भोके एकेक करून भरू लागला.

"आता हिला कुठं पाण्यात जायचंय?" सदूने विचारले.

महिपतने शेवटची वात थोटक्या करंगळीने दाबून आत बसवली. मग निळ्या रंगाचा डबा जवळ ओढला. यंदाचा हात द्यायचा राहिला होता.