धाकटीचा डॉक्टर

आमच्या घरात धाकट्या जावेचे लाड संपतच नव्हते. गोठा झाडायचा मी, शेण उचलायचं मी, धारा काढायच्या मी. आणि सासूबाई दुधाचा पेला घेऊन कुणाच्या उशाशी? तिच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मध्यंतरी तिनं अंथरूणच धरलं होतं. ताप नाही, खोकला नाही. केस विंचरेना, कुणाशी बोलेना, ताट तसंच परत यायचं. मी म्हटलं, नाटकं आहेत सगळी. पण माझ्या दिरानं तिला शहरात मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गावात बोभाटा नको म्हणून घरात ठरलं, कुणी विचारलं तर दातांचा डॉक्टर सांगायचा. तेव्हापासून दर महिन्याला जोडी निघायची. बायका मला म्हणायच्या, अगं, हिला दात आहेत तरी किती?

माझ्या नवऱ्यानं मला कधी ‘बरं आहे ना गं’ एवढंसुद्धा विचारलं नाही. कशाला विचारेल? माझी धार कधी चुकली होती?

एकदा सकाळी डेअरीच्या रांगेत उभी होते. माझ्या दोन्ही हातांत किटल्या, आणि धाकटीची एवढीशी किटली दिरानं धरलेली. कुणीतरी पुन्हा दातांचं विचारलं आणि माझा तोल गेला.

“दात कसले? डोक्याच्या गोळ्या चालू आहेत तिच्या.”

म्हटलं, आता उतरेल तोरा. दिरानं मान खाली घातली. धाकटी मात्र बोलली.

“खरं आहे. उद्याची सकाळ होऊच नये असं वाटायचं मला. औषधानं फरक पडलाय.”

मी दूध घातलं, रिकाम्या किटल्या घेतल्या आणि तरातरा घरी आले.

दुपारी डेअरीवाल्याची बायको आली, ती थेट धाकटीच्या खोलीत. मग शिंपीणबाई आली, मग लोहाराची म्हातारी, सुनेला घेऊन. दार लोटून हळू आवाजात चौकशा चालल्या होत्या, डॉक्टर काय विचारतो, रागावतो का, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का. आणि चहा कोण टाकतंय? मीच. चारचौघांत मी उघडं पाडलं आणि मान वाढला तिचा. असा संताप आला होता म्हणून सांगू!

त्या संध्याकाळी म्हशीखाली बसले होते. धाकटी आली आणि शेजारी टेकली. मला वाटलं, आता भांडेल.

“जाऊबाई, तुम्ही म्हशीशी बोलता ते भिंतीपलीकडं मला ऐकू येतं.”

माझा हात थांबला. म्हशीला मी काय सांगत होते ते माझं मला माहीत.

“उद्या जाग नाही आली तर बरं, असं रोज म्हणता तुम्ही. पुढच्या खेपेला माझ्याबरोबर चला.”

“आणि धारा कोण काढणार?”

“भावोजी काढतील. हात आहेत की त्यांना.”

पदर डोळ्यांना लावून किती वेळ बसले कोण जाणे. ती उठली नाही.

जायच्या दिवशी अंगणात शेजारीण उभी होती. दोघी कुठं निघालात म्हणाली. धाकटीनं माझ्याकडं बघितलं.

“मनाच्या डॉक्टरकडं,” मी म्हटलं. “मला दाखवायला.”

बसमध्ये खिडकीची जागा मात्र मी घेतली. दर वेळी काय तिनंच बसायचं?