खुशालरावांची नर्स सून

"हे माही नात. नर्स हाय. अन् हे सून, हेबी नर्स."

कंडक्टरनं विचारलं होतं एवढंच, की कुठं जायचं आणि किती जण. पण खुशालरावांना कोणी वेळ जरी विचारली, तरी सून नर्स असल्याचं सांगितल्याशिवाय ते वेळ सांगत नसत.

"म्हंजे घरातच दवाखाना म्हना की, आबा," कंडक्टर हसला.

"मंग काय त," म्हणून खुशालराव सीटवर जरा ऐसपैस बसले. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून एसटी त्यांना फुकट झाली होती आणि तेव्हापासून घरातलं कोणीही कुठंही निघालं, की म्हातारा आधी चप्पल घालून दारात उभा. आज तर नातीचं काम. अकोला सुटलं, तशी त्यांनी मूर्तिजापूरपर्यंत आजूबाजूच्या चार सीटांना सगळी वार्ता दिली.

जमुनानं खिडकीकडे तोंड केलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हे ऐकत होती. लग्नात, तेरवीत, बाजारात, फुलं उतरवताना रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. माही सून नर्स हाय. दर वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण ती नर्स नव्हती.

म्हणजे शिकली होती. अमरावतीत तीन वर्षं राहून, वॉर्डात रात्रपाळ्या करून, चांगल्या मार्कांनी पास झाली होती. पण पास होणं वेगळं आणि नर्स होणं वेगळं. मध्ये कौन्सिलचा एक नंबर असतो. यादीत नाव चढलं, नंबर मिळाला, की मगच माणूस हक्कानं पेशंटच्या दंडाला हात लावू शकतो. त्या काळी तो नंबर काढायला मुंबईला जावं लागे. जमुनाचा निकाल लागला आणि महिन्याभरात लग्न लागलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

खुशालरावांचा अकोल्याबाहेर फुलमळा आणि जठारपेठेत फुलांचं दुकान. नव्या सुनेनं पहिल्याच महिन्यात भीत भीत विषय काढला, तेव्हा सासरे म्हणाले होते, "जाऊ ना. म्या नाई म्हनलं काय? येवढा दसऱ्याचा झेंडू निघू दे." दसऱ्यामागं दिवाळी आली. दिवाळीमागं लग्नसराई, म्हणजे रोजचे हार आणि वरमाला. नवरा भगवंत म्हणायचा, बाबाले विचार. बाबा म्हणायचे, जाऊ ना. मग थोरल्या मुलाच्या, जीवनच्या वेळी दिवस राहिले. मग आचल झाली. नाही कोणीच म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.

पहिल्या काही वर्षांत शेजारची मैनाबाई एकदा इंजेक्शनची बाटली घेऊन आली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, फक्त टोचायचं होतं. जमुनाचे हात शिवशिवले. उकळतं पाणी, कापूस, दंडाची जागा, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण नंबर नाही, तर हात लावायचा नाही, हे तिला शिकवलं होतं आणि तिनं ते मानलं होतं.

"मावशी, मले नाई देता येत," ती म्हणाली.

"तुह्या सासऱ्याच्या तोंडी रोज नर्स, अन् सुई धर म्हनलं त हात मांगं," मैनाबाई म्हणाली आणि बाटली घेऊन निघून गेली. त्यानंतर गावातलं कोणी आलं नाही. खुशालरावांचं सांगणं मात्र थांबलं नाही. त्यांच्या हिशेबानं सून पास झाली होती, तिनं पांढरे कपडे घातलेला फोटो घरात होता, मग ती नर्सच. गाडी शिकलेल्या माणसाला ड्रायव्हर म्हणतात, तसं.

आणि आता आचल. आईसारखीच अमरावतीला शिकली, यंदा पास झाली. पण हिच्या वेळी मुंबईचं नाव नव्हतं. नव्यानं पास झालेल्या मुलींची नोंदणी सोपी केली होती. कॉलेजातच एका दिवसाचं शिबिर, तिथंच कागद तपासणार, तिथंच नंबर. आचलनं फोनवरचा निरोप वाचून दाखवला, तेव्हा जमुना लिलीच्या कळ्या ओवत होती. "बरं झालं," एवढंच ती म्हणाली. पहाटे मात्र सगळे उठायच्या आत तिनं पेटी उघडली, कपड्यांच्या तळाशी ठेवलेलं आपलं सर्टिफिकेट काढलं आणि पिशवीत भाकरीच्या डब्याखाली घातलं. मागायचं असं काही ठरवलं नव्हतं. नुसतं सोबत असू दे, असं तिनं स्वतःला सांगितलं. आपण स्वतःशी किती सफाईनं खोटं बोलतो, हे तिला माहीत होतं.

बडनेरा मागं पडलं, तसा तिनं पिशवीत हात घालून डब्याखालचा कागद चाचपला.

कॉलेजच्या हॉलमध्ये मुलींची ही गर्दी. सगळ्या नटूनथटून आलेल्या, सारख्या हसणाऱ्या. माइकवरून कोणी म्हणालं, "सिस्टर लोकांनी कृपया रांगेत उभं राहावं," आणि आचलच्या मागोमाग जमुनाही सरळ उठून रांगेत जाऊन उभी राहिली.

"आई, तू बस ना तिथं आबाजवळ. मी करते," आचल म्हणाली.

"हो, हो," जमुना म्हणाली, पण बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या वेळी हाच हॉल होता. इथंच दिवे लावून शपथ घेतली होती. डोक्यावर टोपी होती, भाताच्या पेजेनं कडक केलेली. आता टोप्या गेल्या. इथल्या एकाही मुलीला पेज कशी गाळतात ते ठाऊक नसेल. तिला एकदम त्या वॉर्डात जावंसं वाटलं. सकाळी पाळी बदलताना खाटेपासून खाटेपर्यंत फिरत एक सिस्टर दुसरीला सांगते, हिला रात्री ताप होता, हिचं सलाईन संपत आलंय, ही रडत होती. तेवढं एकदा, एकच सकाळ, कोणी आपल्याला सांगावं आणि आपण मान हलवून म्हणावं, ठीक आहे, तुम्ही जा आता.

आचलची वेळ आली तसे खुशालरावही काठी टेकत टेबलाजवळ गेले. लॅपटॉपमागं नागसेन नावाचा तरुण होता. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव लिहिलेलं. त्यानं आचलचे कागद पाहिले, तिचा अंगठा घेतला, फोटो काढला, काही बटणं दाबली. आचलचा फोन वाजला, नंबराचा निरोप आला.

"झालं, सिस्टर. अभिनंदन," नागसेन म्हणाला.

आचल पहिल्यांदाच सिस्टर झाली होती. ती लाजली आणि आईकडे वळून हसली.

खुशालराव मात्र हललेच नाहीत. "झालं म्हंजे? नंबर भेटला?"

"भेटला ना, आबाजी."

"अन् मुंबईले जा लागते थे?"

"आता कायले मुंबई. सगळं अठीच."

खुशालरावांचा चेहरा उजळला. "मंग हिचंबी करून टाका ना भाऊ. हे माही सून. हेबी नर्स हाय. हिचा तेवढा मुंबईचा नंबर राह्यला व्हता."

जमुनानं नको म्हणायला तोंड उघडलं आणि हात मात्र पिशवीत गेला. डब्याखालून सर्टिफिकेट निघालं. आचल आईकडे बघतच राहिली.

"मावशी, तुमी?" म्हणत नागसेननं कागद घेतला. वाचला. मग खुर्चीत सरळ बसला. "बसा ना मॅडम. तुमी त आमच्याच कॉलेजच्या. कोण्या हॉस्पिटलला होत्या?"

"कोन्याच नाई," जमुना म्हणाली.

"म्हंजे, इतक्या वर्षांत काम...?"

"काम नाई केलं. नंबर नव्हता."

"नंबर काहून नाई काढला?"

जमुनानं सासऱ्यांकडे पाहिलं नाही. "राहून गेलं," ती म्हणाली.

नागसेन भला पोरगा होता. त्यानं लॅपटॉपमध्ये काही करून पाहिलं, मग फोन उचलून बाजूला गेला. मागच्या मुली चुळबुळ करायला लागल्या. तेवढ्या वेळात जमुनानं मनात काय काय करून टाकलं. एखाद्या लहानशा दवाखान्यात, दिवसपाळीच, अकोल्यातच. भगवंतला सकाळचा डबा देऊन निघायचं. केस कसे बांधायचे, इथपर्यंत ती पोचली होती.

नागसेन परत आला, तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं.

"हे सोपं केलं ते नवीन पास झालेल्या पोरींसाठीच, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "जुन्याले मुंबईचीच परवानगी लागते. अन् इतकी वर्षं काम नाई म्हनलं, की ते पुन्हा शिकून या म्हंतात. तुमी अर्ज करून पाहा. मी खोटं कायले सांगू, होईन असं वाटत नाई."

मॅडमची ती पुन्हा मावशी झाली होती. त्याच्या ते लक्षातही नव्हतं.

"असू द्या भाऊ," जमुना म्हणाली. "तुमी एवढं पाह्यलं."

खुशालराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "म्हंजे," त्यांनी विचारलं, "हे नर्स नाई?"

"शिकलेल्या हायेत, आबाजी. पन नंबर नाई, त नर्स म्हनता येत नाई. कायदाच हाय तसा."

"म्या त साऱ्याइले सांगत व्हतो," खुशालराव म्हणाले. नागसेननं पुढच्या मुलीचे कागद मागितले.

परतीच्या गाडीत आचल दमून झोपली. फोन तिनं मुठीत घट्ट धरला होता. खुशालरावांनी कंडक्टरला फक्त "अकोला" सांगितलं. बडनेऱ्याला शेजारी बसलेल्या माणसानं कुठून आले, काय आले विचारलं, तर "अमरावतीहून" म्हणून गप्प बसले. जमुनाला ते विचित्र वाटलं. घर रिकामं केल्यावर आवाज घुमतो तसं.

मूर्तिजापूरच्या पुढं आल्यावर त्यांनी समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत विचारलं, "जमुना, त्या टायमाले मुंबईले गेलो असतो, त किती दिवस लागले असते?"

"दोन, मामाजी."

"दोन महिने?"

"दोन दिवस. एक जायचा, एक यायचा."

बाहेर तुरीची वावरं मागं पळत होती. "मले वाटे, पास झाली म्हंजे झाली," ते म्हणाले. "मले कोनी सांगतलंच नाई बाप्पा."

तिनं सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात, मग संक्रांतीला, मग माहेरचे आले तेव्हा. पण पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला आता ते मोजून दाखवण्यात काय मिळणार होतं? आणि त्यांच्या कानात ते कधी शिरलंच नव्हतं, हेही खरंच होतं. तिनं डब्यातली उरलेली भाकर काढली, चटणी लावली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खाल्ली नाही, नुसती धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जठारपेठेत दुकान उघडलं. भगवंत बाजारातून माल घेऊन यायचा होता. जमुना खाली बसून हार ओवत होती, आचल पाकळ्या निवडत होती. खुशालराव पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला पेढा देत होते.

नव्यानं राहायला आलेल्या एक बाई देवासाठी हार घ्यायला आल्या. खुशालरावांनी त्यांच्यापुढं पुडा धरला.

"कशाचे हो काका?"

"हे माही नात," खुशालराव म्हणाले. "नर्स हाय. कालच नंबर भेटला. पक्की."

"अरे वा."

"अन् हे..." त्यांचा हात सवयीनं जमुनाकडे वळला.

जमुनाची बोटं थांबली. तिनं मान वर केली नाही. इतकी वर्षं या जागी तिनं मनात हात जोडले होते, की देवा, आज तरी म्हाताऱ्याच्या तोंडून ते निघू नये. आज तिला कळलं, की साऱ्या जगात ती नर्स होती ती फक्त या एका माणसाच्या तोंडी, आणि तिथंही नसेल तर मग कुठंच नाही. म्हणा मामाजी, एकदा म्हणा, खोटं तर खोटं. तिचे कान आसुसले.

खुशालरावांचा हात हवेत जरा रेंगाळला.

"हे तिची माय," ते म्हणाले, आणि हात परत पेढ्यांच्या पुड्यात गेला. "घ्या बाई, अजून एक घ्या."

"हार झाला का हो?" बाईंनी विचारलं.

"झालाच," जमुना म्हणाली. तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि हार केळीच्या पानात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.