चौगुले सरांनी म्हैस बदलली

“माझ्या म्हशीनं काय घोडं मारलंय त्या मास्तराचं?” बाळाबाई कडाडली.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर चौगुले सर कैक वर्षं तिच्याकडंच दूध प्यायचे. समोरच म्हशीची धार ग्लासात पडायची आणि फेसासकट पोटात जायची. तिची नात स्वप्नाली ज्या शाळेत होती, तिथले ते मुख्याध्यापक. आणि गेल्या आठवड्यापासून हा माणूस खाली मान घालून शेजारच्या गुंडूच्या म्हशीपाशी जात होता.

“दुधात पाणी निघालं आसंल,” गुंडूनं डोळा मारला.

“तुझ्यादेखत धार काढती की मी! कासंत नळ बसवलाय व्हय?”

राग होताच, पण त्याहून नवल मोठं होतं. भांडण नाही, तंटा नाही. मग माणूस तोंड का चुकवतो?

तेवढ्यात स्वप्नालीला ट्यूशनला न्यायला केरबाची रिक्षा आली. आधी शाळेलाही तोच सोडायचा. ‘परवडंना’ म्हणून ते काम त्यानं नुकतंच सोडलं होतं. म्हणजे सांगितलं तरी तसंच. हॉर्न वाजला तशी स्वप्नाली म्हशीच्या पलीकडं जाऊन बसली.

“ऊठ की गं, रिक्षामामा थांबलाय.”

“मी न्हाय जाणार त्याच्यात.”

“का?”

पोरगी तिच्याकडं बघतच राहिली. “तुला म्हाईत हाय की, आज्जी. त्यो नको तिथं हात लावतोय. मी बाईंना सांगितलं, बाईंनी सरांना. सर म्हणाले, घरी मी सांगतो. मला वाटलं, कळूनबी तू पाठवतीयास.”

बाळाबाईनं पोरीला पोटाशी धरलं.

“गुंडू, त्या रिक्षाची चावी काढ आदी! सुटता कामा नये त्यो. आन हिच्या आईला, अस्मिताला फोन लाव. म्हणावं, लेकीला घेऊन पोलिसात जायचंय, तशीच ये.”

मग ती गुंडूच्या म्हशीपाशी ग्लास घेऊन थांबलेल्या सरांपुढं जाऊन उभी राहिली.

“आजी, मी त्याला शाळेतनं त्याच दिवशी काढला,” सर हळू आवाजात म्हणाले. “घरी सांगायला जीभ रेटंना. पोरीची जात. बोभाटा झाला असता, तुमच्या घराचं नाव...”

बाळाबाईनं आवाज चढवला नाही.

“नाव आमचं हाय सर, ते आमी बघितलं असतं. तुमी नुसतं सांगायचं हुतं. आठवडाभर मी माझ्या हातानं पोरीला त्याच्या रिक्षात बसवली. केरबाचं काय ते पोलीस बघतील. पण माझ्या नातीच्या मनात मला त्याच्या पंगतीला तुमी नेऊन बसवलंसा.”