आट्यांवरचा पांढरा टेप

मी एक प्लग. इंजिनात ठिणगी पाडणारा, बोटभर लांबीचा, अर्धा लोखंडाचा आणि अर्धा चिनीमातीचा. आता दमलोय, म्हणून थोडक्यात सांगतो. तसंही माझ्याकडे माणसांचं लक्ष जातं ते गाडी बंद पडल्यावरच.

ज्या दिवशी मी झालो, त्याच दिवशी त्या कारखान्यात माझ्यासारखे हजारो झाले. त्यामुळे जन्माचं काही कौतुक नाही. परभणीतल्या एका दुकानात फळीवर वर्षभर धूळ खात पडलो. तिथून परमेश्वरनं मला आणि माझ्या जोडीदाराला उचललं. परमेश्वर येलदरीचा. धरणाच्या पाण्यावर रविवारी फिरायला येणाऱ्यांना तो जुन्या वॉटर स्कूटरवरून फेरी मारून आणायचा. तिच्या इंजिनाला दोन प्लग लागतात. ते आम्ही दोघं.

आम्हाला बसवायला आले नागनाथकाका. गावातल्या शेतांवरच्या मोटारी तीस वर्षं त्यांच्याच हातून दुरुस्त झालेल्या. पाइपाच्या प्रत्येक जोडाला आट्यांवर पांढरा टेप गुंडाळायचा आणि मग पिळून बसवायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी खिशातून टेप काढला आणि माझ्या आट्यांवर चार वेढे दिले, मग जोडीदाराच्याही.

परमेश्वरची बहीण दीपिका सुटीवर आली होती. परभणीत ती दुचाक्यांच्या सर्व्हिसिंगचं काम करते. ती म्हणाली, "काका, प्लगला टेप लावत न्हाईत. भोक पुसून घ्या अन् आदी बोटानंच फिरवा. वायसर टेकला की पान्यानं अर्धा फेरा. बस."

"ती रस्त्यावरली गाडी झाली, बाई. ही पाण्यात चालती. आत थेंब जाता कामा न्हाई."

मला तोंड असतं तर मीही सांगितलं असतं. अहो, पाणी अडवायला माझ्या गळ्यात वायसरची चकती आहे. माझे आटे उघडेच लागतात. ते इंजिनाच्या अंगाला भिडले तरच माझी उष्णता बाहेर पडते, आणि ठिणगीची वीजही तिथूनच परत फिरते. पण काकांनी पान्याला लांब नळी अडकवली आणि असं पिळलं, की माझी चिनीमाती कळवळली. काका वाईट नव्हते. घट्ट बसवणं हीच त्यांची माया होती. अशा मायेचा मला कंटाळा येतो, हे मात्र खरं.

चार रविवार निभावले. फेरी लहान, वेग कमी, मागे बसलेले ओरडण्यात दंग. मी आतल्या आत भाजत होतो आणि मधूनच माझी ठिणगी चुकत होती. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग ती दुपार आली. काकांची बायको कमलबाई रोज थर्माकोलच्या तराफ्यावरून पलीकडच्या रानात हरभरा खुडायला जायच्या. पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला होता, तो ओढत ओढत जायचं. त्या दिवशी वारं सुटलं आणि दोर मधोमध तुटला. तराफा मोठ्या पाण्याकडे निघाला. काठावरून त्यांची हिरवी साडी तेवढी दिसत होती, आणि मागे पांढरे तुकडे सुटून तरंगत होते.

परमेश्वरनं काकांना मागे बसवलं आणि पहिल्यांदाच वेग पूर्ण दिला. अर्ध्यात मी हरलो. जोडीदारही हरला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

काकांनी सीट उचलून खालचा पाना घेतला. आम्हा दोघांना काढलं तेव्हा आम्ही इतके तापलो होतो, की दस्तीच्या रुमालातूनही त्यांची बोटं पोळली. टेप करपून तपकिरी झाला होता. काका त्याच्याकडे बघत राहिले. मग आम्ही जरा निवल्यावर नखानं एकेक आटा खरवडायला लागले.

जोडीदार आधी बसला. माझी पाळी आली तेवढ्यात लाटेनं स्कूटर कलली आणि पाना हातातून सुटून पाण्यात गेला.

"काका, आता?" परमेश्वरनं विचारलं.

काकांजवळ आता फक्त बोटं होती. त्यांनी मला आधी किंचित उलटा फिरवला. आटा आट्यात अलगद बसला. मग सुलटा, दोन बोटांनी, जिथवर जाईन तिथवर. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नीट बसवत होतं. मला रडू आलं असतं, पण मी कोरडा राहायला हवा होतो.

"हळू चालव," काका म्हणाले. "ढिल्ला हाय त्यो."

सैल प्लगच्या कडेनं जाळ फुसफुसत बाहेर येतो. तो मी सोसला. माझी चिनीमाती आत तडकली ती तेव्हाच. पण ठिणगी चुकू दिली नाही.

कमलबाई कमरेपर्यंत भिजल्या होत्या. दोघांनी त्यांना वर ओढून घेतलं. त्या म्हणाल्या, "इंजिनाचा आवाज बंद पडला, तवा वाटलं, आता तुमीबी गेलाव."

"मीच पाडलं बंद," काका म्हणाले. "टेप गुंडाळला व्हता मी."

"घरी चला आदी."

दुसऱ्या दिवशी नवे प्लग आले. काकांनी भोकं पुसली, बोटांनी फिरवलं आणि दीपिकाला फोन लावून दोनदा विचारलं, "अर्धाच फेरा ना?" बाकी त्या दिवसाचा विषय त्या घरात निघत नाही.

मी तडकलेला, म्हणजे भंगारच. पण कमलबाईंच्या मासे धरायच्या जाळ्याला खाली वजन लागतं, आणि जुने प्लग त्याला बरे पडतात. तुमच्यापैकी कुणी प्लग बसवत असेल, तर त्याला एवढं सांगा: इंजिन थंड होऊ दे, आधी बोटं, मग पाना. आमची दुसरी काही मागणी नाही.

मला जाळ्याला बांधायला काकाच बसले. सुतळी माझ्या आट्यांवर टेकवली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी कमलबाईंकडे पाहिलं.

"गुंडाळा," त्या म्हणाल्या. "हितं चालतंय."

काकांनी चार वेढे दिले, घट्ट. मग मला पाण्यात सोडलं.