आत्याची खुर्ची

आत्यापाशी विणकाम शिकायला बसलं की धाकटी रडकुंडीला यायची. ती डावरी. शेजारी बसून आत्याचे हात बघत सुई घालायची, तर लोकरीचा गुंता व्हायचा आणि टाके गळायचे. थोरलीचा मफलर गुडघ्यापर्यंत आला, हिची पट्टी बोटभरही सरकेना.

"नाही जमत तर राहू दे गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

धाकटीने सुया खाली ठेवल्या. आता ठेवल्या त्या कायमच्याच, हे तिला कळून चुकलं.

"वहिनी, तू तुझी भाजी बघ!" म्हणत आत्याने आपली खुर्ची उचलली आणि धाकटीच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली. "आता मी तुझा आरसा. माझा उजवा हात करेल ते तुझ्या डाव्याने कर."

सुई आत गेली, धागा वळला, टाका अलगद उतरला. मग दुसरा.

"अगं बाई, मीच खुळी! इतके दिवस तुला भलतीकडेच बसवलं."

धाकटीने मान वर केली. शेजारी बसून तिला नुसते हातच दिसायचे. टाका घालताना आत्याही जिभेचं टोक दातांत धरते, अगदी आपल्यासारखं, हे तिला आज दिसलं.